टेबलावरचा बेडूक कुणी घासला?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कंपनीने आम्हा चाळीसेक जणांना एका रिसॉर्टवर नेलं आणि दोन दिवस ‘सजग काम’ शिकवलं. दुसऱ्या दिवशी जेवणात गुलाबजाम झाल्यावर, म्हणजे निम्मा वर्ग पेंगत असताना, ट्रेनरने पडद्यावर एक फोटो लावला. काळसर लाकडाचं टेबल, त्यावर एक कुंचला, कोरा कागद आणि हिरवट-पांढऱ्या दगडाचा मुठीएवढा बेडूक. “चीनमधला विद्वान असा काम करायचा,” तो म्हणाला. “मोजक्या वस्तू. प्रत्येक वस्तू मन शांत करणारी. ना नोटिफिकेशन, ना अप्रेझल, ना डेडलाइन.” मग आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून आपापलं टेबल मनातल्या मनात रिकामं करायचं होतं.

मी डोळे मिटले नाहीत. त्या बेडकाच्या मागच्या पायाकडे बघत बसलो. पाय पोटाशी दुमडलेला होता आणि पाय व पोट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेतही दगड आरशासारखा गुळगुळीत होता. तिथे हत्यार शिरलं कसं? हा प्रश्न इतर कुणाला पडला नाही याचं मला नवल वाटलं नाही. मला पडला, कारण माझ्या वडिलांनी भोसरीच्या एका छोट्या टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षं ग्राइंडिंग मशीन चालवलं आहे आणि आमच्या घरात कुठलीही चकचकीत वस्तू आली की पहिला प्रश्न ‘केवढ्याला’ नसतो, ‘फिनिशिंग कसं काढलं’ हा असतो.

माझं भांडण त्या ट्रेनरशी नाही. त्याने एक स्लाइड उचलली, दिवसाचे पैसे घेतले. भांडण आहे ते त्या स्लाइडमागच्या समजुतीशी. लिलावाच्या कॅटलॉगांपासून ते ‘डेस्क सेटअप’च्या व्हिडिओंपर्यंत ती सगळीकडे एकाच सुरात येते: चिनी विद्वानाचं टेबल म्हणजे साधेपणा, निरिच्छता, अभिरुची, आणि त्यावरच्या कोरीव जेडच्या वस्तू म्हणजे त्या निर्मळ मनाचं दगडातलं रूप. त्यानंतरचे सहा-सात महिने मी मिळेल ते वाचलं, म्युझियमांच्या ऑनलाइन नोंदी उपसल्या. माझं मत असं झालं आहे की या समजुतीतला जवळजवळ प्रत्येक शब्द खोटा आहे, आणि सगळ्यात खोटा शब्द तो, ज्यावर कुणाचंच लक्ष जात नाही. ‘कोरीव’.

पण आधी टेबल बघू.

चिनी लेखनाला चार गोष्टी लागतात. कुंचला, शाईची वडी, कागद आणि शाई उगाळायची दगडी सहाण. त्यांना ‘अभ्यासिकेतली चार रत्नं’ म्हणतात. या चारांत जेड कुठेच नाही. सहाणीचा दगड थोडा खरखरीत हवा, म्हणून चांगल्या सहाणा त्वान आणि श नावाच्या खास दगडांच्या होतात. जेड त्या कामाला फार गुळगुळीत. मग जेडचं काय बनतं? कुंचला धुवायचं भांडं, कमळाच्या पानाच्या किंवा पीचच्या अर्ध्या फळाच्या आकाराचं. कुंचला टेकवायला पाच शिखरांचा छोटा डोंगर. सहाणीवर थेंबथेंब पाणी सोडणारी झारी, जशी ती बेडकाची. कागद उडू नये म्हणून बसका वाघ किंवा म्हैस. ओल्या शाईला बाही लागू नये म्हणून मनगटाखाली घ्यायचा आधार, कारण लिहायचं वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे. शिक्के, शिक्क्याच्या लाल लेपाची डबी, सहाणीसमोर ठेवायचा बुटका पडदा. यातलं प्रत्येक काम बांबू, माती किंवा साधी चिनीमातीची वाटी करू शकते आणि बहुतेक लिहिणाऱ्यांच्या घरी तीच करत होती. म्हणजे जेड हा लेखनाचा भाग नव्हता. लेखनाच्या आजूबाजूला उभा असलेला नोकरवर्ग होता.

हे मी म्हणतो असं नाही, त्या लोकांनीच म्हणून ठेवलं आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सूचौ शहरातल्या वेन चेनहेंग नावाच्या खानदानी गृहस्थाने घर, बाग आणि टेबल यांवर काय असावं नि काय असू नये याचा एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचा अर्थच ‘गरजेपलीकडच्या वस्तूंची नोंद’ असा होतो. कुठला आकार सुसंस्कृत आणि कुठला गावंढळ याचे निकाल त्यात पानोपानी आहेत. वाचताना सारखं वाटतं की हा माणूस वस्तूंबद्दल कमी आणि शेजाऱ्यांबद्दल जास्त बोलतो आहे. त्या काळात सूचौच्या व्यापाऱ्यांकडे पैसा आला होता. तेही कुंचल्याची भांडी विकत घेऊ लागले होते. मग खानदानी माणसाला फरक दाखवायला उरलं काय, तर ‘तुमचं भांडं चुकीचं आहे’ असं सांगण्याचा हक्क.

आणि निरिच्छता? तो बेडूकच घ्या. चिनी कल्पनेत चंद्रावर बेडूक राहतो आणि चंद्रावरच्या त्या बेडूक-महालातून दालचिनीच्या जातीच्या एका झाडाची फांदी तोडून आणणं म्हणजे सरकारी परीक्षा पास होणं. ट्रेनरने आम्हाला अप्रेझल विसरायला जी वस्तू दाखवली ती परीक्षेत पास होण्याचा ताईत होती! या टेबलावरचं जवळजवळ सगळं प्राणिसंग्रहालय असंच आहे. बगळा आणि कमळ एकत्र दिसले की त्या शब्दांच्या उच्चारातून ‘एकामागून एक परीक्षा पास हो’ असा श्लेष निघतो. घोड्यावर बसलेलं माकड म्हणजे ‘लवकरच सरदारकी मिळो’. खेकडा, कारण त्याच्या कवचाचा शब्द आणि ‘पहिला वर्ग’ यांचं अक्षर एकच. उसळी मारणारा मासा म्हणजे धबधबा चढून ड्रॅगन होणारा, अर्थात अधिकारी होणारा उमेदवार. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये टेबलावर पिवळ्या दिव्याच्या गाडीचं चित्र चिकटवलेलं मी पाहिलं आहे. त्याला कुणी निर्मळ अभिरुची म्हणत नाही. ते जेडमध्ये असतं तर म्हटलं असतं.

यात मला काही वाईट दिसत नाही, हे इथेच सांगतो. प्रमोशन हवं असणं हा गुन्हा नाही, मलाही हवं आहे. राग येतो तो ती धडपड पुसून तिच्या जागी शांतीचा फोटो लावण्याचा. आणि एकदा पुसायला बसलं की हात फक्त एका गोष्टीवर थांबत नाही.

रिसॉर्टवरून परत आल्यावर मी बाबांना लॅपटॉपवर एक कमळपान दाखवलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने 2017 पासून आपल्या संग्रहातले लाखो फोटो मुक्त केले आहेत आणि ते एवढे मोठे आहेत की दगडातली शीर न् शीर दिसते. अठराव्या शतकातलं, म्हणजे आपल्याकडच्या पेशवाईतलं, कुंचला धुवायचं भांडं. पानाची कड आत वळलेली, खालून देठ फिरून बाजूने वर आलेला, देठ आणि पान यांच्यामध्ये बोटभर पोकळी. बाबांनी चष्मा वर सरकवला आणि फोटो मोठा करून करून बघितला.

“कोरलेलं नाही हे,” ते म्हणाले. “घासलंय.”

“कशावरून?”

“कड बघ ना. छिन्नीने अशी कड येईल का? कुठे टवका उडालेला नाही. आणि ही देठाखालची जागा. इथे चाक जाणार नाही. इथे वाकडी सळई घेऊन, पावडर लावून, हाताने बसलाय कोणीतरी.” थोडा वेळ थांबून त्यांनी खरा प्रश्न विचारला. “जॉब धरला कशात असेल?”

बाबांचं बरोबर होतं. जेड कोरता येत नाही. इथे जेड म्हणजे नेफ्राइट. चीनमध्ये हजारो वर्षं मान मिळाला तो याच दगडाला. त्याचे सूक्ष्म तंतू एकमेकांत नमद्यासारखे गुंतलेले असतात. त्यामुळे तो फुटता फुटत नाही आणि छिन्नी त्याच्यावर जवळपास निकामी ठरते. कठीणपणाच्या मोजपट्टीवर तो 6 ते 6.5 वर बसतो. साधं लोखंड त्याहून मऊ आहे. म्हणून हत्याराने कापायचं नाही, वाळूने झिजवायचं. लोखंडी चकती फक्त वाळू वाहून नेते; कापते ती वाळू. बीजिंगच्या कारागिरांकडे तिच्या प्रती ठरलेल्या होत्या. पिवळी वाळू म्हणजे गारगोटीची, लाल म्हणजे गार्नेटची, काळी म्हणजे कुरुंदाच्या जातीची, आणि काम जसं पुढे सरकेल तशी ती अधिकाधिक बारीक कुटायची.

1891 मध्ये बीजिंगमध्ये ली नावाच्या एका चित्रकाराने या कामाची एक-एक पायरी रंगवून ठेवली आहे. ती चित्रं मी बाबांसाठी शोधून काढली. दोन माणसं समोरासमोर उभी राहून धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेली तार ओढतायत, तारेखाली ओली वाळू, त्याखाली दगड. मग पायाने चालवायचा लेथ. दोन पावट्या आहेत, त्या पट्ट्याने दांड्याला जोडलेल्या. पाय आळीपाळीने दाबले की दांडा एकदा पुढे फिरतो, एकदा मागे. एका दिशेने अखंड नाही. समोर वाळू-पाण्याची पाटी. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. जॉब कशातच धरलेला नाही. माणसाने तो डाव्या हाताने चकतीवर दाबून धरला आहे आणि उजव्या हाताने त्यावर वाळू सोडतो आहे. व्हाइस नाही, चक नाही, मॅग्नेटिक बेड नाही. सगळी अचूकता डाव्या मनगटात. पोखरायचं असेल तर नळीसारखं गिरमिट, मधला गाभा ठोकून काढायचा, उरलेल्या भिंती वाकड्या सळयांनी घासायच्या. शेवटी झिलईसाठी लाकडाची चकती, भोपळ्याची साल, बैलाचं कातडं.

बाबा त्या चित्रांपुढे बराच वेळ बसले. त्यांचं कौतुक कशाचं होतं तर उलटसुलट फिरणाऱ्या चकतीचं. “दर वेळी चाक थांबतं आणि उलटं फिरतं,” ते म्हणाले, “आणि तरी कुठे ओरखडा नाही.” मग भांड्याचा खालून काढलेला फोटो आहे का, असं त्यांनी विचारलं. त्या भांड्याचा नव्हता. त्याच काळातल्या दुसऱ्या एकाचा मिळाला. बुडाला चार अक्षरं होती, सुबक, चौकोनात बसवलेली.

इथे एक सांगायला हवं. बाबांच्या टूलरूममध्ये प्रत्येक ऑपरेटरचा पंच असायचा. जॉब झाला की त्यावर नंबर ठोकायचा, म्हणजे चूक निघाली तर कुणाला धरायचं ते कळतं. काही मायक्रॉनने बाद झालेला एक पोलादी ठोकळा बाबांनी मला शाळेत असताना आणून दिला होता. तो आजही माझ्या टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतो. त्यावर 17 आहे.

“हा करणाऱ्याचा पंच का?” बाबांनी अक्षरांवर बोट ठेवून विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, “राजाचा.” छ्यानलोंग राजाच्या कारकिर्दीत बनवलेलं, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. ‘कोरीव’ हा शब्द का टिकला? कारण कोरणं हे कलावंताचं काम वाटतं आणि घासणं हे मोलकरणीचं. कोरणाऱ्याच्या हातात प्रतिभा असते, घासणाऱ्याच्या हातात पाटी. वस्तू विकायची तर तिच्यात प्रतिभा हवी. पण गंमत अशी की चिनी भाषेने स्वतः ही चोरी कधी लपवली नाही. जेड छिलणं-घासणं यासाठीचा ‘च्वोमो’ हा शब्दच तिथे विचार करणं, एखादी गोष्ट मनात घोळवणं यासाठी वापरतात. स्वतःला घडवण्यासाठी तर तो कन्फ्यूशियसच्याही आधीपासून वापरात आहे. आपणही अक्षर घोटतो, पाठांतर घोटून घेतो. विद्वानाने घासणाऱ्याची क्रिया घेतली, तिच्यावरून आपल्या विचारांना नाव दिलं आणि घासणाऱ्याला मागच्या दाराने घरी पाठवलं.

हे फक्त वर्गाच्या आडमुठेपणामुळे झालं असं म्हटलं तर कुणी म्हणेल, विद्वानाने हत्यार हातात घ्यायचं ही अपेक्षाच आजची आहे. तसं नाही. घेतलं होतं त्यांनी हत्यार. सोळाव्या शतकात वेन पेंग, वर आलेल्या त्याच वेन घराण्यातला, शिक्क्यावरची अक्षरं आधी नुसती लिहून द्यायचा आणि कारागीर ती हस्तिदंतात कापायचा. मग त्याच्या हाती मऊ दगड लागला, सुरीने सहज कापला जाणारा. त्याने स्वतःच शिक्के कापायला सुरुवात केली, आणि बघता बघता शिक्का कापणं ही कवितेच्या आणि चित्राच्या शेजारी बसणारी कला झाली. तिच्या परंपरा निर्माण झाल्या, गुरू-शिष्यांची नावं लिहिली गेली, शिक्क्याच्या कडेवर कापणारा स्वतःची सही आणि दोन ओळींची टीपही कापू लागला. म्हणजे हिशोब सरळ आहे. दगड मऊ असला, दुपारभरात कापून होत असला, तर ती कला आणि तिच्यावर सही. दगड कठीण असला, महिनोन्महिने पाय हलवत ओल्या वाळूत बसावं लागत असलं, तर ते काम आणि त्यावर राजाचा शिक्का. मोजपट्टी सौंदर्याची नाही, कठीणपणाची आहे; जिथे साहेबाचा हात पोहोचला तिथपर्यंत कला.

‘कारागीर अनाम होते’ हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही. ते अनाम नव्हते. त्याच सोळाव्या शतकात सूचौमध्ये लू झिगांग होऊन गेला. तो जेडवर आपलं नाव घालायचा आणि ते नाव एवढं चाललं की पुढच्या तीन-चारशे वर्षांत त्याच्या सहीच्या नकलांचा सुळसुळाट झाला. त्याच्याबद्दल दंतकथा कुठली टिकली बघा: राजाच्या वस्तूवर सही करायला मनाई असताना त्याने ती ड्रॅगनच्या तोंडात लपवून केली आणि त्याचं डोकं उडवलं गेलं. खरं-खोटं बाजूला ठेवा. सही करणाऱ्या घासकाऱ्याचं काय होतं याबद्दल लोकांची अपेक्षा काय होती, ते कथा सांगतेच.

आणि बीजिंगच्या राजवाड्यातले कारखाने तर चोख हिशोब ठेवायचे. कुठली वस्तू कुणाकडे दिली, राजाने नमुना बघून काय बदल सांगितले, सगळं दप्तरात आहे आणि त्यात माणसांची नावं आहेत. आमच्या धंद्यात सांगायचं तर वेबसाइटवर नाव सीईओचं असतं, पण कुठली ओळ कुणी लिहिली ते गिटच्या इतिहासात शोधलं की सापडतं. इतिहास कुणी उघडत नाही, एवढंच.

त्यातल्या एका नावाची गोष्ट मला फार आवडते. याओ त्सोंगरेन हा राजवाड्यातला जेड कारागीर. छ्यानलोंगला एक जुना कप मिळाला होता. तपकिरी छटा चढलेला, जमिनीत शतकानुशतकं पुरलेला वाटणारा. हान काळातला असावा असं राजाला वाटलं. म्हणजे तेव्हाही दीड हजार वर्षांहून जुना. त्याने याओला बोलावून विचारलं. याओ हसला. म्हणाला, हा माझ्या आजोबांनी बनवलेला आहे. मग दगडावर बारीक खाचा कशा पाडायच्या, रंग कसा चढवायचा, मंद आचेवर तो किती काळ मुरवायचा, ही घरातली कृती त्याने राजाला सांगून टाकली. राजाने यावर 1753 साली एक निबंध लिहिला. विद्वानांना जे दिसलं नाही ते एका कारागिराला दिसलं याचं त्याला मनापासून कौतुक वाटलं होतं, एवढं श्रेय द्यायला हवं. चाळीस हजारांहून जास्त कविता नावावर असलेल्या आणि त्यातल्या कित्येक जेडवर घासून घेतलेल्या त्या राजाचं मला आवडलेलं लिखाण म्हणजे हा निबंध. पण याच राजाने उतारवयात सूचौ-यांगचौच्या कारागिरांवर फार नक्षी करून जेडचं वाटोळं करत असल्याचा ठपका ठेवला. नक्षी विकत घेत होतं कोण? व्यापारी, अधिकारी, त्यांचे पाहुणे. गिऱ्हाइकाची हौस आणि दोष घासणाऱ्याचा, हा न्याय भोसरीतही चालतो.

दगड कुठून आला याबद्दल थोडक्यात, कारण टेबलाच्या फोटोत तेही नसतं. चांगलं नेफ्राइट खोतानच्या नद्यांत आणि यारकंदच्या डोंगरांत, आजच्या शिंच्यांगमध्ये. पानिपतच्या दोन वर्षं आधी, 1759 मध्ये, छ्यानलोंगच्या फौजांनी तो प्रदेश जिंकला आणि मग दरवर्षी खंडणी म्हणून दगड बीजिंगला येऊ लागला. छ्यानलोंगच्या काळातला चांगला जेड एवढा मुबलक का, याचं उत्तर अभिरुचीत शोधू नका, या मोहिमेत शोधा. 1778 मध्ये यारकंदचा अधिकारी गाओ पू, राजाच्या एका दिवंगत राणीचा भाचा, पकडला गेला. त्याने तीन हजारांहून जास्त स्थानिक माणसांना डोंगरात जुंपून दगड काढला होता आणि चोरून सूचौच्या बाजारात विकला होता. त्याला मृत्युदंड झाला. कशासाठी? राजाचा दगड चोरल्यासाठी आणि प्रजेला छळल्यासाठी, असं कागद म्हणतात. यातल्या कशाने राजा जास्त चिडला याचा अंदाज मी तुमच्यावर सोपवतो. सूचौच्या च्वानचू गल्लीत त्या दगडातून किती बगळे आणि बेडूक निघाले, ते अर्थातच कुणी मोजलेलं नाही.

आपल्याकडचे काही वाचक इथे सुखावतील, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. छ्यानलोंगला सगळ्यात जास्त भुरळ घातली ती ‘हिंदुस्थानी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जेडने. मुघल धाटणीची ही कागदासारख्या पातळ भिंतींची, पानाफुलांची भांडी बघून त्याने कविता केल्या आणि आपल्या कारखान्यात नकला करवल्या. खोतानचा दगड दोन्हीकडे जात होता. मान वर करायला हरकत नाही, पण शाहजहानचा तो प्रसिद्ध पांढरा प्याला बघा, 1657 सालचा, आज लंडनमध्ये आहे. त्यावर तारीख आहे, बादशहाची पदवी आहे. घासणारा तिथेही नाही.

मला माहीत आहे यावर काय म्हटलं जाईल. जगातली प्रत्येक सुंदर वस्तू अशीच बनली, ताजमहालापासून पैठणीपर्यंत. मग काय सौंदर्य बघायचंच नाही? बघा की. मी तर सहा महिने तेच करतोय आणि ते कमळपान माझ्या डेस्कटॉपचा वॉलपेपर आहे. माझं म्हणणं उलट आहे. विद्वानाच्या शांतीची गोष्ट ऐकत तुम्ही ती वस्तू बघता तेव्हा तुम्ही ती बघतच नाही. देठाखालची ती बोटभर जागा माझ्या बाबांना पहिल्या मिनिटात दिसली, कारण ते काम शोधत होते. कॅटलॉगमधल्या परिच्छेदांना ती दिसत नाही, कारण ते मालक शोधत असतात.

सोंग यिंगशिंग नावाचा एक माणूस होता. बीजिंगची वरची परीक्षा पुन्हा पुन्हा देऊन नापास झालेला. 1637 मध्ये त्याने एक पुस्तक छापलं: भात कसं पिकतं, मीठ कसं बनतं, लोखंड कसं ओततात, आणि शेवटच्या प्रकरणात जेड कसं मिळतं व कसं घासतात. पायाचा लेथ आणि वाळूची पाटी यांचं चित्रसुद्धा त्यात आहे. त्यातल्या काही ऐकीव गोष्टी हास्यास्पद आहेत. खोतानमध्ये बायका विवस्त्र होऊन नदीत उतरतात आणि स्त्रीत्वाच्या ओढीने जेड त्यांच्याकडे येतं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं त्याने लिहून ठेवलं आहे. पण आपला वाचक कोण हे त्याला नीट ठाऊक होतं. प्रस्तावनेच्या शेवटी तो म्हणतो की मोठेपणाच्या मागे लागलेल्या विद्वानांनी हे पुस्तक टेबलावरून खुशाल फेकून द्यावं, सरकारी बढतीशी याचा काहीच संबंध नाही. त्यांनी त्याचं ऐकलं. छिंग काळात ते पुस्तक चीनमध्ये जवळपास नाहीसं झालं आणि वाचलं ते जपानमध्ये 1771 च्या सुमारास पुन्हा छापलं गेलं म्हणून. टेबलावरची वस्तू कशी बनते हे सांगणारं पुस्तक टेबलावर राहिलं नाही, बेडूक राहिला.

आता लेबलाबद्दल. मेट्रोपोलिटनच्या नोंदी प्रोग्रामने खाली उतरवता येतात. मी जेडच्या काही उतरवल्या. प्रत्येक नोंदीत ठरलेले रकाने असतात: शीर्षक, काळ, देश, माध्यम, मापं, कलाकार, देणगीदार. मी चाळलेल्या अशा नोंदींत कलाकाराचा रकाना रिकामा सापडला. देणगीदाराचा भरलेला. अनेकांवर हेबर बिशप हे नाव आणि 1902 हे साल. बिशप हा क्युबाच्या साखरेत आणि नंतर लोखंड-रेल्वेत पैसा केलेला न्यूयॉर्कचा धनिक. त्याने हजाराच्या आसपास जेड वस्तू म्युझियमला दिल्या आणि त्यांचा एक अजस्र कॅटलॉग काढला, फक्त शंभर प्रतींचा. बाबांनी पाहिलेली ली यांची ती चित्रं याच कॅटलॉगसाठी मिळवलेली. म्हणजे चकतीवर दगड दाबून धरणारा माणूस लोकांसमोर आला तो या देणगीदाराच्या पुस्तकातून, आणि तिथेही त्याला नाव नाही. चित्रकाराला आहे, छापवणाऱ्याला आहे.

डेटाबेसमध्ये रिकामा रकाना आणि ‘माहीत नाही’ लिहिलेला रकाना या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिल्याचा अर्थ कुणी विचारलंच नाही. दुसऱ्याचा अर्थ विचारलं, शोधलं, मिळालं नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी हा फरक विसरलो होतो आणि माझ्या वरिष्ठांनी माझा कोड परत पाठवला होता. मी म्युझियमवाल्यांकडे, लिलाववाल्यांकडे, आणि मराठीत यावर लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांकडे एवढंच मागतो आहे. ‘विद्वानाच्या टेबलावरची कोरीव वस्तू’ हे शब्द खोडा. तिथे लिहा: कुंचला धुवायचं भांडं, कमळपान, नेफ्राइट, दगड यारकंद किंवा खोतानचा, पायाच्या लेथवर वाळूने घासलेलं, बहुधा सूचौत किंवा बीजिंगच्या राजवाड्यात. घासणारा: राजवाड्याच्या दप्तरात शोधलं, सापडला नाही. आणि सापडला तर त्याचं नाव.